दारची कण्हेर आणि राखणीचा कुत्रा

पुणे-नाशिक महामार्गावर मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा ही बाजारपेठेची गावे एकामागून एक लागतात. आत वळले की घोडेगाव, जुन्नर, ओतूर. किराणा, कापड, सोने-चांदी, आडत असे व्यवसाय पिढ्यानपिढ्या करणारी अनेक कुटुंबे आता पेठेतील जुन्या वाड्यांतून निघून गावाबाहेरच्या बंगल्यांत राहावयास गेली आहेत. वाड्याला चौक होता. बंगल्याला अंगण आले आणि अंगणाबरोबर कुंपणही आले. त्या कुंपणालगत अनेकदा गुलाबी, पांढऱ्या किंवा तांबड्या कण्हेरीची रांग दिसते आणि फाटकापाशी राखणीचा कुत्रा बसलेला असतो. दोघेही एकाच अंगणात वाढतात. त्यांची एकमेकांशी कधी गाठ पडेल, हा विचार मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही.

कण्हेर कुत्र्यासाठी निर्धोक आहे काय? या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. मूळ, खोड, साल, पान, फूल, बी आणि पान तोडल्यावर पाझरणारा चीक, असा या झुडपाचा प्रत्येक भाग विषारी आहे. परंतु एवढे समजल्याने अंगणातील प्रश्न सुटत नाही. कण्हेर उपटावी की राहू द्यावी, कुत्रा कोठे बांधावा, छाटलेल्या फांद्यांचे काय करावे, हे प्रश्न पुढे उभे राहतात. जीवदया मानणाऱ्या घरात त्यांची उत्तरे थोड्या अधिक विचाराने द्यावी लागतात.

नावातच इशारा

संस्कृतात कण्हेरीला करवीर म्हणतात. तिचे दुसरे नाव अश्वमारक, म्हणजे घोड्याला मारणारी. हयमारक या नावाचा अर्थही तोच. आयुर्वेदाने तिची गणना उपविषांत केली आहे. घोडा हे वाहन आणि धनही होते, त्या काळातील लोकांनी या झुडपाला असे नाव दिले, ते अनुभव आल्याशिवाय दिले नसणार. आधुनिक पशुवैद्यकाचा अनुभवही तसाच आहे. कण्हेरीची दहा ते वीस पाने पोटात गेली तर पूर्ण वाढलेला घोडा किंवा गाय दगावू शकते.

मग असे झुडूप दारात आले कसे? त्याचे कारण त्याच्या गुणांत आहे. कण्हेर काटक आहे. तिला पाणी थोडे लागते, कडक ऊन सोसते, धुळीची ती पर्वा करत नाही आणि वर्षातील बहुतेक काळ फुललेली असते. म्हणूनच राज्यातील महामार्गांच्या दुभाजकांत ती लावली जाते. तिचा आणखी एक गुण कुंपणासाठी फार मोलाचा मानला गेला. गुरे आणि शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत. मोकाट जनावरांच्या मुलखात न खाल्ले जाणारे झुडूप म्हणजे फुकटचे राखणदार. मात्र जनावरे तोंड लावत नाहीत, ती पान कडू आहे म्हणून. आणि जे विष त्यांना दूर ठेवते, तेच अंगणात आपल्या कुत्र्याच्या नाकासमोर उभे असते. ज्या गुणासाठी कण्हेर लावली, त्याच गुणापासून सावध राहणे भाग आहे.

कण्हेर ओळखणे अवघड नाही. तिची पाने लांब, अरुंद आणि चामड्यासारखी जाड असतात. बहुधा तीन-तीन पाने फांदीच्या एकाच पेऱ्यावर येतात आणि मधली शीर ठळक दिसते. तिच्याच कुळातील दुसरे झुडूप म्हणजे पिवळी कण्हेर, अर्थात बिट्टी. तिची पाने अधिक अरुंद व तुकतुकीत, फूल घंटेसारखे पिवळे आणि फळ हिरवे असून वाळल्यावर काळे पडते. त्या फळातील कठीण बिट्ट्यांनी लहान मुले खेळत आली आहेत. बिट्टीही विषारीच असून तिच्या बियांत विषाचे प्रमाण अधिक असते. घरात कुत्रा असो वा नसो, लहान मूल असेल तर बिट्टीच्या फळांकडे लक्ष ठेवले पाहिजे.

विष काय करते

कण्हेरीतील मुख्य विषद्रव्याला ओलिअँड्रिन म्हणतात. बिट्टीत थेवेटिन व त्याच्या जातीची इतर द्रव्ये असतात. हृदयरोग्यांना दिल्या जाणाऱ्या डिजॉक्सिन या औषधाच्या गटाशी त्यांचे जवळचे नाते आहे. योग्य मात्रेत असे द्रव्य दुर्बल हृदयाला बळ देते, मात्रा ओलांडली की तेच हृदयाची लय बिघडवते. हृदयाच्या पेशींत सोडियम आणि पोटॅशियम यांची सतत देवघेव चालू असते. ती देवघेव करणारी यंत्रणा या विषामुळे बंद पडते. मग ठोके मंदावतात, मध्येच चुकतात किंवा अकस्मात वेगाने धावू लागतात.

कुत्र्यात प्रथम दिसणारी चिन्हे पोटाची असतात. तोंडातून लाळ गळते, उलट्या होतात, पोट दुखते, जुलाब होतात. पुढे अंगातील शक्ती जाते, पाय गार पडतात, चालताना तोल जातो, अंग थरथरते. ही चिन्हे काही तासांत दिसू लागतात आणि हृदयाचा बिघाडही त्याच काळात सुरू होऊ शकतो. घरातील माणसांना वाटते, काही शिळेपाके खाल्ले असेल, उलटी झाली की बरा होईल. हा समज घातक ठरू शकतो, कारण कण्हेरीच्या विषबाधेत उलटी थांबली म्हणजे धोका टळला असे होत नाही.

पान वाळल्याने विष जात नाही, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. उलट वाळलेल्या पानाचा कडूपणा तितका जाणवत नाही, म्हणून एरवी हिरवे पान टाळणारे जनावर वाळके पान खाऊन बसते. कण्हेरीच्या फांद्या जाळल्या तर त्यांचा धूरही त्रासदायक असतो. फुले किंवा फांद्या ज्या पाण्यात ठेवल्या, त्या पाण्यातही विष उतरते.

केरळात कण्हेरीला अरळी म्हणतात. तेथे एका तरुणीच्या आणि काही जनावरांच्या मृत्यूमागे अरळी असल्याचा संशय व्यक्त झाला. त्यानंतर २०२४ च्या मे महिन्यात त्रावणकोर आणि मलबार देवस्वम मंडळांनी आपल्या मंदिरांतील नैवेद्य व प्रसाद यांत अरळीचे फूल वापरणे थांबविले. पूजेचे फूल म्हणून ज्याला शतकानुशतकांचा मान, त्याचाही फेरविचार करावा लागला. फुलाचा मान आणि विषाची जाणीव ही दोन्ही एकाच वेळी बाळगता येतात, हे या निर्णयातून दिसते.

बिबट्याच्या मुलखातील कुत्रा

हा प्रश्न कोठेही महत्त्वाचाच आहे. जुन्नर आणि आंबेगावात त्याला आणखी एक बाजू आहे. डिंभे, माणिकडोह, पिंपळगाव जोगे यांसारख्या धरणांचे पाणी आले आणि ऊस वाढला. त्या उसात बिबट्याने घर केले. जुन्नर वनविभागात माणूस आणि बिबट्या यांचा संघर्ष दोन दशकांहून अधिक काळ चालू आहे. जुन्नरजवळ माणिकडोह येथे पकडलेल्या बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावे लागले. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. तेथील बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशोबाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, पाळीव व गावातील कुत्र्यांचा असल्याचे त्यात आढळले.

याचा परिणाम अंगणावर होतो. कुत्र्याला रात्री मोकळे सोडणे येथे धोक्याचे असते. साहजिकच त्याला कुंपणाच्या आत ठेवले जाते, फाटकाजवळ साखळीने बांधले जाते किंवा भिंत आणि कुंपण यांमधल्या बोळात कोंडले जाते. मोकळा कुत्रा कडू पान हुंगून पुढे जातो, कारण त्याला हुंगण्यासारखे पुष्कळ असते. बांधलेल्या कुत्र्याला साखळीच्या टप्प्यात येईल तेवढेच जग. कंटाळा घालविण्यासाठी तो समोरची फांदी चघळतो, खाली पडलेली पाने चावतो, माती उकरून मुळे बाहेर काढतो. बाहेरच्या संकटापासून वाचविण्यासाठी ज्याला आत घेतले, त्याच्या आवाक्यात आपण नकळत दुसरे संकट ठेवतो.

जोखमीचा हिशोब

व्यापारी माणूस जोखीम दोन अंगांनी तोलतो. नुकसान होण्याची शक्यता किती आणि झालेच तर ते केवढे. कण्हेरीच्या बाबतीत पहिला आकडा लहान आहे. बहुतेक प्रौढ कुत्रे कडू पानाला एकदा तोंड लावून ते सोडून देतात. म्हणूनच अनेक घरांत वर्षानुवर्षे कण्हेर आणि कुत्रा शेजारी राहूनही काही घडत नाही, आणि ‘आमच्याकडे कधी काही झाले नाही’ असे म्हटले जाते. परंतु दुसरा आकडा फार मोठा आहे. घडले तर एका जिवाचे मोल द्यावे लागते. शक्यता लहान आणि नुकसान भरून न येणारे, अशा ठिकाणी शहाणा व्यापारी विमा उतरवितो. अंगणात तो विमा म्हणजे थोडी व्यवस्था.

शक्यता वाढते ती ठरावीक वेळी. पहिली वेळ पिल्लाची. तीन ते सात महिन्यांच्या वयात दात बदलत असतात, तेव्हा पिल्लू हाताला येईल ते चावते. लॅब्राडॉरसारख्या जातीत ही सवय मोठेपणीही टिकते. दुसरी वेळ छाटणीची. पावसाळ्यात कण्हेर भरभरून वाढते आणि दिवाळीच्या साफसफाईत ती छाटली जाते. छाटलेल्या फांद्यांचा ढीग दोन-चार दिवस कोपऱ्यात पडून वाळत राहतो आणि कुत्रा त्याच ढिगाशेजारी उन्हात पसरतो. तिसरी वेळ खेळाची. मुले कुत्र्याला आणावयास काठी फेकतात. ती काठी कण्हेरीची असू नये, हे मुलांना सांगून ठेवावे लागते. चौथी वेळ उन्हाळ्यातील तहानेची. पिण्याचे भांडे कोरडे पडले की कुत्रा फुले भिजत घातलेल्या बादलीत किंवा निर्माल्याच्या पाण्यात तोंड घालतो.

एक प्राणी खातो म्हणून ती वस्तू दुसऱ्याला चालते, असाही समज नसावा. जुन्नर-नारायणगाव परिसर द्राक्षांचा. शेळ्या द्राक्षे आनंदाने खातात, पण द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या पोटात गेले तर त्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. तेव्हा निर्धोक काय, हे ज्या प्राण्याचा प्रश्न आहे त्याच्याच संदर्भात ठरवावे लागते.

अंगणातील इतर काही झाडांकडेही याच दृष्टीने पाहावे. कुंडीतील ॲडेनियम कण्हेरीच्या कुळातील आहे आणि त्यातही हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये आहेत. शोभेचा सायकस, विशेषतः त्याच्या बिया, कुत्र्याच्या यकृताला फार घातक. एरंडाच्या बिया, रातराणीची फळे, घाणेरीची पाने हीदेखील विषारी आहेत. डायफेनबेकियाचे पान चावल्यास तोंडाची आग होते. याउलट गुलाब, मोगरा, जाई, कढीपत्ता यांपासून कुत्र्याला असा धोका नसतो.

घडलेच तर

कुत्र्याने कण्हेर खाल्ल्याची शंका आली तर चिन्हे दिसण्याची वाट पाहू नये. तोंडात पाने अडकली असतील तर ती काढावीत. कुत्रा शुद्धीत असेल आणि शांत असेल तर तोंड पाण्याने धुवावे. त्यानंतर स्वतःचे हातही धुवावेत. मीठ-पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये. तूप किंवा दूध पाजल्याने विष उतरते, हा समज चुकीचा आहे. उपचारात जाणारा वेळ मात्र त्यात वाया जातो. हृदयावर ताण नको म्हणून कुत्र्याला पळवू नये, चालत नेऊ नये, उचलून गाडीत घालावे. खाल्लेल्या झुडपाची डहाळी पिशवीत घालून बरोबर न्यावी आणि किती वाजता, साधारण किती खाल्ले, हे डॉक्टरांना सांगावे.

पशुवैद्य विष शोषून घेणारा औषधी कोळसा देतात, शिरेतून सलाइन लावतात, ठोके फार मंदावले असतील तर त्यासाठी इंजेक्शन देतात आणि हृदयाच्या आलेखावर लक्ष ठेवतात. ही शेवटची सोय प्रत्येक गावात मिळेलच असे नाही. पुण्यातील मोठी प्राणी रुग्णालये मंचरपासून सुमारे ६०, नारायणगावपासून सुमारे ७५ आणि जुन्नरपासून सुमारे ९० किलोमीटरवर. रात्रीच्या वेळी हे अंतर मोठे असते. म्हणून पहिला उपचार जवळच्या पशुवैद्याकडे घ्यावा आणि पुढे न्यावयाचे की नाही, हे त्यांच्या सल्ल्याने ठरवावे. त्यांचा दूरध्वनी क्रमांक घरातील सर्वांना ठाऊक असावा. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

उपटावी की राहू द्यावी

हे सर्व वाचून एखाद्याच्या मनात येईल, उद्याच माळ्याला बोलावून कण्हेर मुळासकट काढून टाकू. जैन घरात या ठिकाणी हात थोडा थबकतो आणि ते योग्यच आहे. वनस्पती हा एकेंद्रिय जीव. निष्कारण झाड तोडणे अनर्थदंडात मोडते. समोर कुत्रा आहे, तो पंचेंद्रिय; सुख-दुःख, भीती, माया हे सर्व जाणणारा. श्रावकाच्या अणुव्रतात त्रस जीवांच्या रक्षणाचा भार अधिक आहे. परंतु एकाला वाचविण्यासाठी दुसऱ्याचा जीव घ्यावाच लागेल, अशी वेळ बहुतेक अंगणांत येत नाही.

कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला असलेली कण्हेर राहू द्यावी. आतल्या अंगाला तिच्यापुढे हातभर अंतर सोडून कमरेएवढी जाळी लावावी. जमिनीलगतच्या कोवळ्या डहाळ्या काढत राहिल्यास पाने कुत्र्याच्या तोंडाच्या वर राहतात. झाडाखाली पडलेली पाने-फुले रोज झाडावीत. लहान झुडूप पावसाळ्याच्या आरंभी मातीच्या गोळ्यासह काढून कुत्र्याच्या वावराबाहेर लावता येते. नवीन कुंपण करताना मात्र कण्हेर निवडू नये आणि कुत्रा असलेल्या घरी तिचे रोप भेट देऊ नये. घरात पिल्लू येणार असेल आणि जाळी लावण्याजोगी जागाच नसेल, तर झुडूप हलविणे हाच उपाय. तो मनात किंतु न ठेवता करावा.

छाटणी हातमोजे घालून करावी आणि फांद्या त्याच दिवशी बंद पोत्यात भरून बाहेर काढाव्यात. त्या जाळू नयेत आणि उकिरड्यावर टाकू नयेत. विशेष सांभाळायचे ते हे, की कापलेल्या हिरव्या गवतात कण्हेरीची एकही डहाळी मिसळू नये. पुण्यबुद्धीने गोशाळेला किंवा पांजरापोळाला दिलेल्या चाऱ्यातून ती गाईच्या पोटात गेली, तर दान देणाऱ्याच्या हातून नकळत घात होतो. कडू पान निवडून टाकण्याची सोय कुट्टी केलेल्या चाऱ्यात जनावराला उरत नाही.

शेवटची गोष्ट साखळीची. अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत पहिला ‘बंध’, म्हणजे प्राण्याला जखडून ठेवणे, आणि पाचवा ‘अन्नपाननिरोध’, म्हणजे त्याचे खाणे-पिणे अडविणे. जखडलेला कुत्रा विषारी झुडूप चघळतो आणि तहानलेला कुत्रा निर्माल्याचे पाणी पितो, हे पाहिले म्हणजे त्या प्राचीन यादीची व्यवहारातील नेमकी जागा कळते. बिबट्याच्या भीतीने रात्री कुत्र्याला आत घ्यावेच लागते. परंतु साखळीपेक्षा वरून झाकलेली, जाळीची पक्की खोली त्याला दोन्ही संकटांपासून अधिक सुरक्षित ठेवते. दिवसा बांधावेच लागले तर सकाळ-संध्याकाळ फिरविणे, चघळण्यास काही देणे आणि पाण्याचे भांडे भरलेले ठेवणे एवढे तरी करावे.

आज संध्याकाळी दुकान बंद करून घरी आल्यावर साखळी पूर्ण ताणून पाहावी आणि तिच्या टोकापासून कुत्र्याचे तोंड कोठवर पोहोचते ते बघावे. त्या वर्तुळात कण्हेरीचे एकही पान येता कामा नये. दिवसभर वजन-मापाने व्यवहार करणाऱ्या हातांना हे एक माप घेणे अवघड नाही.